उतारानंतरची कॉफी

आमच्या वडिलांच्या तोंडी 'सायकल' हा शब्द क्वचितच येई. ते 'गाडी' म्हणत. "गाडी पुसली का रे?", "गाडीत हवा भरली का?" असे त्यांचे प्रश्न सकाळ-संध्याकाळ वाड्यात घुमत आणि नव्या बिऱ्हाडकरूला वाटे, की यांच्या दारात निदान एक मोटार तरी उभी असावी. दारात उभी असे ती चोवीस इंची, काळी, लोखंडी दांड्यांच्या ब्रेकची सायकल. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा ही गाडी नदीकाठच्या आमच्या वाड्यातून वाहून गेली आणि आठ दिवसांनी एका बोळात, चिखलात मान खुपसून पडलेली सापडली. वडिलांनी ती खांद्यावर घालून आणली. दोन्ही चाकांचे हब उघडले, एकेक छर्रा रॉकेलमध्ये धुतला, नवे ग्रीस भरले आणि पुढे वीस वर्षे तिने आमच्या घराची सेवा केली. त्या वेळी मी बारा वर्षांचा होतो. रॉकेलची वाटी धरण्याचे काम माझ्याकडे होते.

हे सारे आठवले ते पुण्यापासून हजारो मैलांवर, कॅलिफोर्नियातल्या एका कॉफीच्या दुकानात. त्याचे असे झाले.

यंदा, म्हणजे २०२५च्या मे महिन्यात, आम्ही उभयता कन्येकडे गेलो. सॅन फ्रान्सिस्कोचा तो तांबडा गोल्डन गेट पूल ओलांडून उत्तरेला गेले, की मरिन नावाचा परगणा लागतो. तिथे तिचे भाड्याचे घर. समोर टॅमलपायस नावाचा डोंगर. उंची सुमारे २५७० फूट. आमचा सिंहगड समुद्रसपाटीपासून ४३०० फुटांवर आहे, ही गोष्ट मी पहिल्याच संध्याकाळी जावयांच्या कानावर घातली. ते म्हणाले, "बाबा, हा डोंगर समुद्राच्या काठावरून उठतो. सिंहगडाला पुण्याचं जोतं आयतं मिळालंय."

जावई बोलतात थोडे. पण बोलले, की असे बोलतात. (जावयाला एकेरी हाक मारायची नाही, हा आमच्या हिचा दंडक. त्यामुळे माझ्या निम्म्या वयाच्या माणसाला मी 'अहो' म्हणतो आणि तो मला 'बाबा' म्हणतो. चालायचेच.)

हे गृहस्थ दर शनिवारी पहाटे साडेपाचला उठत, मोटारीच्या पाठीवर एक जाडजूड टायरांची सायकल बांधीत आणि साडेअकराला धुळीने माखून परत येत. दुसऱ्या शनिवारी हिने मला बाजूला घेतले. "सहा तास कोणी सायकल चालवतं का? तुम्ही विचारा." मी जन्मभर हिशेब लिहिण्याची नोकरी केलेला माणूस. मी कागदच पुढे ठेवला. तीन तास सायकल, अर्धा तास जाण्यायेण्याचा, अर्धा तास सायकल बांधण्या-सोडण्याचा. उरलेले दोन तास कुठल्या खाती टाकायचे?

"कॉफी," जावई म्हणाले.

दोन तास कॉफी! खर्चाची ही बाब मला पटेना. म्हणून पुढच्या शनिवारी नऊच्या सुमारास कन्येने मला मोटारीतून फेअरफॅक्स नावाच्या टुमदार गावी नेऊन एका कॉफीच्या दुकानात बसवले आणि ती आपल्या कामाला गेली.

दुकान बाहेरून आपल्याकडच्या सायकलच्या दुकानासारखे दिसत होते. भिंतीला, झाडाला, बाकाला, जिथे जागा मिळेल तिथे सायकली टेकवलेल्या. कुलूप एकीलाही नाही. कारण प्रत्येक सायकलवर निदान आठ माणसांची नजर होती. टेबलांवर शिरस्त्राणे उलटी ठेवलेली आणि त्यांत हातमोजे. कोणाच्या पोटरीवर ओरखडे, कोणाच्या कोपरावर ताजे खरचटलेले. आणि ही सगळी मंडळी छोट्या छोट्या कपांतून, देवाचे तीर्थ घ्यावे तशी, काळीभोर कॉफी घेत होती. एका कपाला पाच डॉलर, म्हणजे आपले सव्वाचारशेच्या वर. मी तो कप फार हळूहळू प्यायलो.

जावयांच्या टेबलावर चौघे होते. एक सत्तरी ओलांडलेला सुतार, पांढऱ्या मिशांचा. एक दाताच्या डॉक्टरीणबाई. एक शाळामास्तर. एक सायकलदुरुस्तीच्या दुकानात काम करणारा पोरगा. व्यवसायाने, वयाने, मिळकतीने एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. आपल्याकडे असे चौघे फार तर लग्नाच्या पंगतीत शेजारी बसतील. मी टायर दाबून पाहिला तर तो चक्क मऊ लागला. "हवा भरायला विसरलात," मी म्हणालो. सगळे हसले. दगडधोंड्यांतून उतरताना टायरने जमीन धरून ठेवावी म्हणून हवा मुद्दाम कमीच ठेवतात म्हणे, वीस-पंचवीस पौंड. हवा कमी असली की आमचे वडील जेवत नसत.

त्या सुताराने मला या सगळ्या खुळाचा इतिहास सांगितला आणि राहिलेला मी त्याच गावातल्या सायकल-संग्रहालयात जाऊन पाहिला. २०१५ साली उघडलेले हे संग्रहालय खरोखर प्रेक्षणीय आहे. माझी समजूत अशी होती, की डोंगरातली ही सायकल एखाद्या बड्या कारखान्यातल्या इंजिनिअरांनी टेबलावर आखून काढली असेल. तसे काही नाही. १९७०च्या सुमारास मरिनमधल्या काही तरुण पोरांनी भंगारातून १९३०-४०च्या काळातल्या जुन्या श्विन सायकली उचलल्या. जड, जाड टायरांच्या. पेपर टाकणारी पोरे वापरीत तसल्या. त्यांना ही मंडळी 'क्लंकर' म्हणत. 'खटारा' हा आपला शब्द त्याला अगदी चपखल बसतो. हे खटारे ढकलत, नाही तर कोणाच्या तरी ट्रकमध्ये टाकून डोंगरावर न्यायचे आणि वणवा विझवायला बंब जावेत म्हणून काढलेल्या कच्च्या रस्त्यांवरून खाली सोडायचे, हा त्यांचा उद्योग.

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्सजवळच्या अशाच एका रस्त्यावर त्यांनी पहिली शर्यत लावली. दोन मैलांच्या आत-बाहेरचे अंतर आणि तेवढ्यात सुमारे १३०० फुटांचा उतार. एकेकाला दोन-दोन मिनिटांनी सोडायचे आणि घड्याळ लावायचे. चार्ली केली नावाचा तरुण या वेळा वहीत टिपून ठेवी. वही म्हटले, की माझा आदर वाढतो. त्या वहीतला सर्वांत चांगला आकडा गॅरी फिशर याच्या नावावर आहे: ४ मिनिटे २२ सेकंद. शर्यतीचे नाव होते 'रीपॅक'.

या नावाची कथा ऐकली आणि मी खुर्चीवरून उठलोच. त्या जुन्या सायकलींना हाताचा ब्रेक नसे. पायडल उलटे दाबले, की मागच्या हबमध्येच ब्रेक लागे. एवढा उतार उतरताना तो हब इतका तापे, की आतले ग्रीस जळून त्याचा धूर निघे. म्हणून दर फेरीनंतर हब उघडायचा, छर्रे पुसायचे आणि नवे ग्रीस भरायचे, म्हणजे 'रीपॅक' करायचे. मी म्हणालो, "हे काम मला येतं. मी रॉकेलची वाटी धरीत असे." पानशेतची हकीकत मी त्यांना सविस्तर सांगितली. सुतार बराच वेळ गप्प होता. मग त्याने माझ्यासाठी दुसरी कॉफी आणली आणि पैसे देऊ दिले नाहीत.

पुढचा इतिहास कारखान्यांचा आहे आणि तो मी भराभर सांगतो. जो ब्रीझ याने १९७७ साली जुन्या सांगाड्याचा नाद सोडून डोंगरासाठी नवाच सांगाडा घडवला. टॉम रिची याने सांगाडे बनवायचे आणि फिशर-केली यांनी सायकली जुळवून विकायच्या, असे १९७९ साली एक दुकान निघाले. त्यांनी दुकानाचे नावच 'माउंटनबाइक्स' ठेवले आणि ते साऱ्या जगाने उचलले. १९८१ साली स्टंपजम्पर ही सायकल कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागली आणि १९९६ साली, रीपॅकनंतर वीस वर्षांनी, अटलांटाच्या ऑलिम्पिकमध्ये या खेळाला जागा मिळाली. भंगारातून ऑलिम्पिकपर्यंत वीस वर्षे. आमच्या पेठेतल्या एका जिन्याच्या दुरुस्तीला याहून जास्त काळ लागलेला मी पाहिला आहे.

आता कॉफी. ती यांच्या गळ्यात कुठून पडली?

याचे मूळ इटलीत. तिकडे सडकेवरच्या सायकलशर्यतींचे वेड फार जुने, आणि कॉफीचे त्याहूनही जुने. मिलानच्या 'फाएमा' या कॉफीयंत्राच्या कंपनीने शर्यतवाल्यांचे एक पथकच पदरी बाळगले होते. १९६१ साली त्यांनी 'ई ६१' नावाचे यंत्र काढले. त्या वर्षी सूर्यग्रहण होते म्हणून ग्रहणाचा 'ई' आणि सालाचा ६१. त्याआधी यंत्राचा दट्ट्या ओढून माणसाचा हात दुखे. ते काम आता पंप करू लागला. आणि १९६९ साली बेल्जियमच्या एडी मर्क्सने फ्रान्सची ती जगप्रसिद्ध शर्यत प्रथम जिंकली ती याच फाएमाच्या पथकातून. पुढे कोलंबियातल्या कॉफी-बागाईतदारांनाही ही कल्पना आवडली. त्यांनी 'काफे दे कोलंबिया' नावाचे पथक उभारले आणि त्यातल्या लुईस एरेरा याने १९८७ साली स्पेनची मोठी शर्यत जिंकली. चढावर तो कोणाला ऐकत नसे. कॉफीही डोंगरातली आणि तोही डोंगरातला. जाहिरात करायला वेगळा माणूस नेमावाच लागला नाही.

मरिनमधली पहिली पोरेही मूळची सडकेवर शर्यती करणारीच. शर्यतवाल्यांची रीत त्यांच्याबरोबर डोंगरात आली असणार. शिवाय खाडीच्या पलीकडे, बर्कलेमध्ये, आल्फ्रेड पीट नावाच्या डच गृहस्थाने १९६६ साली दुकान उघडून अमेरिकन माणसाला कडक भाजलेल्या कॉफीची चटक लावलेली होती. कॉफी भाजणे हा त्याच्या वडिलांचाच धंदा. सिअ‍ॅटलला १९७१ साली निघालेल्या त्या सुप्रसिद्ध हिरव्या पाटीच्या दुकानाची मालक मंडळीसुद्धा याच पीटच्या हाताखाली शिकलेली. तेव्हा एकाच खाडीच्या एका काठावर काळी कॉफी आणि दुसऱ्या काठावर जाड टायर, हे दोन्ही दहा वर्षांच्या अंतराने जन्मले. त्यांची गाठ पडायला पुलाचा टोल तेवढा आड होता. (आपण मात्र उगाच न्यूनगंड बाळगू नये. बाबा बुदन नावाच्या साधूने येमेनातून सात बिया लपवून चिकमगळूरच्या डोंगरात आणल्या असे सांगतात, आणि तेही सतराव्या शतकात.)

कॉफी पिऊन सायकल जास्त चालते का, याची परीक्षाही झालेली आहे. १९७८ साली कॉस्टिल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने नऊ सायकलपटूंना दम संपेपर्यंत सायकल मारायला लावली. सत्त्व काढलेली कॉफी दिली तेव्हा ते सुमारे ७५ मिनिटे टिकले आणि ३३० मिलिग्रॅम कॅफीन असलेली कॉफी दिली तेव्हा ९० मिनिटे. पुढे शर्यतवाल्यांच्या लघवीत किती कॅफीन चालेल याची मर्यादासुद्धा ठरली होती. ती २००४ साली उठली. १९७८ साली पुण्यात मीही सायकल आणि कॉफी यांचा एक प्रयोग करीत होतो. त्याविषयी पुढे.

पण शास्त्रज्ञाचे हे उत्तर मला अपुरे वाटते. पंधरा मिनिटांसाठीच कॉफी प्यायची तर ती निघण्यापूर्वी प्यावी. ही मंडळी ती नंतर पितात, आणि दोन तास पितात. चार शनिवार त्या टेबलावर बसल्यावर मला त्याचे कारण उमगले. चढावर बोलायला दम नसतो. उतारावर बोलायला लक्ष नसते. एक दगड चुकला तर दात डॉक्टरीणबाईंकडेच जायचे. पायवाट अरुंद, एकामागे एक जायचे, पुढच्याची फक्त पाठ दिसायची. तीन तास बरोबर असूनही माणसे एक शब्द बोललेली नसतात. ते सगळे शब्द तसेच साठलेले असतात. पहिल्या कपात उतार, टायर, ब्रेक, कोण कुठे आपटला. दुसऱ्या कपात संसार.

बाहेरच्यांशी त्यांचे भांडणही फार जुने आहे. डोंगर पायी फिरणाऱ्यांना आणि घोड्यावरून जाणाऱ्यांना हे चाकांवरचे वादळ नकोसे झाले. ते साहजिक आहे. उद्या आपल्या टेकडीवर कोणी असा सुसाटला तर वर्तमानपत्राकडे पहिले पत्र मीच लिहीन. आज तिथल्या पाणीपुरवठा खात्याच्या जंगलात बहुतेक अरुंद पायवाटा सायकलीला बंद आहेत आणि रुंद रस्त्यांवर ताशी १५ मैलांची मर्यादा आहे. आंधळ्या वळणावर पाचच. एके काळी जंगलखात्याचे शिपाई त्यासाठी रडारची बंदूक घेऊन उभे राहात. सायकलीला रडार! आमच्या काळी पुण्याचा पोलीस डबलसीट आणि बिनदिव्याची सायकल पकडी आणि त्याला नुसते डोळे पुरत.

शनिवार, १२ जुलै. पुण्यात वाढलेल्या माझ्या पिढीला ही तारीख विसरता येत नाही. त्या दिवशी मी हट्टच धरला, की रीपॅकचा उतार मला डोळ्यांनी बघायचा आहे. जावई वरून येणार होते. मी खालच्या बाजूने, ओढ्याकाठच्या वाटेने, काठी टेकत चालत गेलो. वाळलेल्या सोनेरी गवताचे डोंगर, मधूनमधून ओकची झाडे, आणि वाटेच्या कडेला एक विषारी पाल्याचे झुडूप. त्याला हात लागला तर आमची खाजकुइली परवडली, असे कन्येने बजावले होते. एका दगडावर बसलो. बराच वेळ काही नाही. मग वरून खरखर असा आवाज आला, धुळीचा एक लोट वळणावर दिसला आणि त्यातून एकामागून एक पाच सायकली उतरल्या. मर्यादेत होत्या, पण मर्यादेच्या काठावर. जावई तिसरे होते. त्यांनी मला पाहिले नाही. त्यांचा चेहरा मात्र मी पाहिला. दोन महिन्यांत घरात तो चेहरा मला एकदाही दिसला नव्हता. कपाळावर एक आठी नव्हती.

नंतर नेहमीच्या दुकानात बसलो. जावई कप आणायला रांगेत उभे होते. सुतार माझ्याकडे झुकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "आज एकेचाळिसावा दिवस. एकोणीस राहिले. मी एका ठिकाणी बोलून ठेवलंय, काळजी करू नका." डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

मला आधी काहीच कळले नाही. पण साठातून एकेचाळीस वजा केले तर एकोणीस उरतात, हे गणित माझ्या अंगवळणी आहे, आणि साठ हा आकडा अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी घराला पाठ आहे. एच-वन-बी परवान्यावरच्या माणसाची नोकरी गेली, की साठ दिवसांच्या आत दुसऱ्या मालकाने त्याच्यासाठी अर्ज दाखल करायचा. नाही तर दुसऱ्या कसल्या परवान्याची धडपड करायची किंवा गाशा गुंडाळायचा. म्हणजे २ जूनपासून. आम्हाला येऊन तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते. मग रोज सकाळी साडेआठला पिशवी खांद्याला लावून हा माणूस जात होता कुठे? आणि आमची कन्या आम्हाला बागा, पूल, समुद्र दाखवीत हसत कशी हिंडत होती?

"हो, एकोणीस," मी सुताराला म्हणालो.

जावई कप घेऊन आले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, सुताराकडे पाहिले आणि त्यांना समजले. टेबलावरची मंडळी एकेक करून उठली. कोणाला टायर बघायचा होता, कोणाला घरी फोन करायचा होता.

"वाचनालयात बसतो," जावई कपाकडे बघत म्हणाले. "तिथून अर्ज करतो. तुम्हाला दोघांना ब्लडप्रेशर. पहिल्यांदाच आलात. तुम्ही परत गेल्यावर सांगणार होतो, जे होईल ते."

मला राग यायला हवा होता, थोडा आलाही. एका सुताराला ठाऊक आणि सासऱ्याला नाही! मी कॉफीचा घोट घेतला आणि त्या घोटाबरोबर १९७८ साल आठवले.

त्या वर्षी मी ज्या कारखान्यात हिशेब लिहीत होतो त्याला टाळे लागले. लग्नाला तीन वर्षे झाली होती, कन्येचा अजून पत्ता नव्हता. मी घरी सांगितले नाही. रोज साडेनऊला डबा कॅरिअरला लावून वडिलांच्या त्याच गाडीवर निघे, लकडी पूल ओलांडी आणि डेक्कनवरच्या एका कॉफीच्या दुकानात जाऊन बसे. एक कप कॉफीवर बारा वाजेपर्यंत बसू देत. वर्तमानपत्रातल्या जाहिराती बघून अर्ज लिही. दुपारी संभाजी बागेत डबा खाई. संध्याकाळी सहाला घरी. एक तारखेला फंडाच्या रकमेतून 'पगार' काढून हिच्या हातावर ठेवी. दोन महिने सतरा दिवस. त्या दुकानात माझ्यासारखेच आणखी तिघे बसत: एक टंकलेखक, एक विम्याचा एजंट, एक नाटकातला नट. माझे सगळे त्यांना ठाऊक होते. पुढची नोकरी त्या विमा एजंटानेच मिळवून दिली.

हे मी त्या दिवशी जावयांना सांगितले. सत्तेचाळीस वर्षांत प्रथमच कोणाला तरी. "तुमच्या सासूबाईंना हे अजून ठाऊक नाही," मी म्हणालो. ते इतक्या मोठ्याने हसले, की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघू लागले. मग त्यांनी डोळे पुसले. मग आम्ही आणखी एकेक कप घेतला. पैसे मी दिले, आणि रुपयांत हिशेब केला नाही.

सुतार ज्या ठिकाणी बोलला होता ती एक लहानशी कंपनी. तिच्या मालकाच्या घरची कपाटे त्याने केली होती. १८ जुलैला तिथून होकार आला. कागदपत्रांच्या सोपस्कारांत आणखी बारा दिवस गेले आणि एकोणसाठाव्या दिवशी अर्ज दाखल झाला. ते बारा दिवस कसे गेले ते सांगत नाही. घरात चौघांनाही ठाऊक होते आणि चौघेही हवापाण्याविषयी बोलत होतो. काम सॅक्रामेंटोला आहे, पगार थोडा कमी. तिथला मुलूख सपाट, डोंगर म्हणून नाही. सायकल सध्या मोटारीच्या खोलीत खिळ्याला टांगलेली आहे. महिन्यातून एका शनिवारी जावई अंधारात उठून ऐंशी मैल मोटार हाकतात आणि फेअरफॅक्सला जातात. तेवढ्यासाठी एवढे पेट्रोल जाळावे का, हा प्रश्न मी विचारलेला नाही.

जावयांची परवानगी घेऊनच हे लिहिले आहे. राहता राहिली आमची ही. दिवाळी अंक घरात आला, की सर्वांत आधी ती माझे सदर उघडते, चुका काढायला. तेव्हा छापून आलेले वाचण्यापेक्षा आधीच कबुली द्यावी म्हणून काल दुपारी हे कागद तिच्यापुढे ठेवले आणि मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. तिने शेवटपर्यंत वाचले, चष्मा काढला, काचा पदराने पुसल्या.

"त्या दिवसांत तुमच्या शर्टाला कॉफीचा वास यायचा," ती म्हणाली. "तुमच्या कारखान्यात चहा मिळत असे."

मी वळून पाहिले.

"डबा रिकामा आणीत होता, म्हणून काही बोलले नाही."